४१४ वॅटचा ताळा: ला पिएर-सँ-मार्तँच्या चढावरील एका आकड्याचे प्रकरण

१४ जुलै २०१५ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा दहावा टप्पा तार्बहून निघाला आणि १६७ किलोमीटरनंतर पिरेनीज पर्वतातील ला पिएर-सँ-मार्तँच्या माथ्यावर संपला. शेवटचा चढ १५.३ किलोमीटरचा आणि सरासरी ७.४ टक्क्यांचा होता. आधी स्काय संघातील सहकाऱ्यांनी वेग वाढवत बाकीच्यांना मागे टाकले आणि शेवटचे सहा-साडेसहा किलोमीटर उरले असताना त्याच संघाचा ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूम एकटाच पुढे निघून गेला. दुसरा आलेला त्याचाच सहकारी रिची पोर्ट ५९ सेकंदांनी, तर मुख्य प्रतिस्पर्धी नैरो किंताना १ मिनिट ४ सेकंदांनी मागे राहिला. आदल्याच दिवशी विश्रांती झाली होती आणि स्पर्धेतील हा पहिला मोठा डोंगर होता. त्यामुळे टूरचा निकाल त्याच संध्याकाळी लागला, असे पुष्कळांना वाटले.

ज्यांना तसे वाटले त्यांपैकी काहींच्या मनात लगेच उत्तेजकांचा संशयही आला. पुढच्या आठवड्याभरात रस्त्याकडेच्या एकाने फ्रूमच्या अंगावर मूत्र फेकण्यापर्यंत प्रकरण गेले. १९ जुलैच्या रविवारी ‘फ्रान्स २’ या वाहिनीच्या क्रीडा कार्यक्रमात पिएर साले या क्रीडाशरीरशास्त्राच्या अभ्यासकाने फ्रूमची त्या चढावरील ताकद ७.०४ वॅट प्रति किलो असल्याचा अंदाज मांडला. २१ जुलैला, म्हणजे दुसऱ्या विश्रांतीच्या दिवशी, स्काय संघाचे टिम केरिसन यांनी पत्रकारांपुढे पॉवर मीटरवरील (सायकलवर बसवलेल्या, ताकद सांगणाऱ्या यंत्रावरील) नोंद ठेवली: वेळ ४१ मिनिटे २८ सेकंद, सरासरी ४१४ वॅट, वजन ६७.५ किलो, पेडलांच्या फेऱ्या मिनिटाला सरासरी ९७, हृदयाचे ठोके सरासरी १५८ आणि कमाल १७४. त्यांच्या म्हणण्यानुसार ताकद होती ५.७८ वॅट प्रति किलो.

ज्याने हा भागाकार जागीच करून पाहिला असेल तो येथे अडखळला असणार. ४१४ ला ६७.५ ने भागले तर ६.१३ येतात, ५.७८ नव्हे. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच चढाचे तीन आकडे झाले: दूरचित्रवाणीवरचा ७.०४, यंत्राने दाखवलेला ६.१३ आणि संघाने दुरुस्त करून सांगितलेला ५.७८. सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याहून जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त आहे. हे प्रकरण बहुधा उत्तेजकांच्या चर्चेत उगाळले गेले, पण वॅटच्या आकड्यावरून उत्तेजकांविषयी निवाडा करता येत नाही आणि येथे तो करायचाही नाही. पॉवर मीटर लावून सराव करणाऱ्याला मात्र या प्रकरणातून बरेच काही मिळते. या तीन आकड्यांमध्ये जी फारकत पडली, तिची सगळी कारणे आपल्या सायकलवरही, लहान प्रमाणात का होईना, हजर असतात.

यंत्राने नेमके काय मोजले

पॉवर मीटर ताकद थेट मोजत नाही. जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी १९८० च्या दशकात क्रँकमध्ये (पेडल ज्या दांड्याला जोडलेले असते त्यात) स्ट्रेन गेज बसवून सायकलवर चालणारे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. पेडलवर जोर पडला की धातू किंचित वाकतो, गेज ते वाकणे टिपतो आणि त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारे बल, काढले जाते. त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की वॅट मिळतात. गुणाकारातील दोन्ही संख्या वेगवेगळ्या संवेदकांकडून येतात आणि दोन्हींत चूक शिरू शकते.

स्काय संघ त्या काळात स्टेजेस या कंपनीचे पॉवर मीटर वापरत असे, आणि ते फक्त डाव्या क्रँकवर बसत असे. डाव्या पायाचे काम मोजायचे आणि त्याची दुप्पट करायची, अशी ती पद्धत. दोन्ही पाय अगदी सारखे काम करत असतील तर त्यात काही बिघडत नाही. पण एखाद्याचा डावा पाय एकूण कामाच्या ५२ टक्के काम करत असेल तर दुप्पट केल्यावर आकडा १०४ होतो, आणि ४८ टक्के करत असेल तर ९६. दोन स्वारांची खरी ताकद सारखी असूनही पडद्यावर आठ टक्क्यांचे अंतर दिसू शकते. दोन पायांतील हा वाटा थकव्याने, जोर वाढल्याने किंवा जुन्या दुखापतीमुळे बदलतो, ही त्याहून अवघड बाब आहे. डावी चूक रोज सारखी असती तर तिचा फारसा त्रास नव्हता.

तापमानाचेही असेच आहे. धातू तापला की गेजचे शून्य सरकते. यंत्रात त्याची भरपाई केलेली असते, तरी सायकल घराबाहेर काढून हवेशी जुळू द्यावी आणि मग शून्य जुळवावे हा नियम पाळण्यासारखा आहे. डिसेंबरच्या पहाटे उबदार खोलीतून काढलेल्या सायकलचे शून्य दारातच जुळवून घाटाकडे निघणाऱ्यांनी दिवसाच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या आकड्यांवर फार विसंबू नये.

सरासऱ्यांचा गुणाकार आणि गुणाकारांची सरासरी

६.१३ चे ५.७८ कसे झाले, ही या प्रकरणाची खरी मेख आहे. फ्रूम गोल चेनरिंग, म्हणजे पेडलांपाशी साखळी ओढणारे गोल दातेरी चाक, वापरत नव्हता. त्याच्या सायकलवर ओसिमेट्रिक बनावटीची, अंड्यासारखी लांबट चेनरिंग होती. अशा चेनरिंगमुळे यंत्र सुमारे ६ टक्के जास्त दाखवते, असे केरिसन यांनी सांगितले आणि तेवढे वजा करून आकडा दिला. ४१४ ला १.०६ ने भागले की सुमारे ३९० वॅट उरतात. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ही सोयीस्कर सबब वाटली. ती सबब नव्हती. त्यामागचे गणित स्वच्छ आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

चढावर सायकल आणि स्वार यांचा एकूण वेग पेडलच्या एका फेरीत फारसा बदलत नाही, म्हणून साखळीचा वेगही जवळपास स्थिर राहतो. चेनरिंग गोल असेल तर क्रँकही एकसारख्या गतीने फिरतो. चेनरिंग लांबट असेल तर तसे होत नाही. पाय खाली दाबला जात असताना चेनरिंगची मोठी बाजू साखळी ओढते, म्हणून क्रँक मंदावतो. पाय वर-खाली टोकांना असताना लहान बाजू येते आणि क्रँक झपकन पुढे जातो. लांबट चेनरिंगचा हेतूच तो असतो: पायात जोर असतो तेथे जास्त वेळ रेंगाळायचे आणि जेथे जोर लागत नाही तो भाग लवकर उरकायचा. परिणामी, टॉर्क सर्वांत जास्त असतो तेव्हा फिरण्याचा वेग सर्वांत कमी असतो, आणि टॉर्क कमी असतो तेव्हा वेग जास्त असतो.

खरी ताकद काढायची तर प्रत्येक क्षणी टॉर्क आणि त्या क्षणाचा वेग यांचा गुणाकार करून त्या गुणाकारांची सरासरी घ्यायला हवी. त्या काळचे यंत्र मात्र फेरीला एकदाच वेग मोजत असे: पूर्ण फेरीचा सरासरी टॉर्क घ्यायचा आणि पूर्ण फेरीच्या सरासरी वेगाने गुणायचा. दोन राशी एकमेकींच्या उलट दिशेने चढत-उतरत असतील तर सरासऱ्यांचा गुणाकार गुणाकारांच्या सरासरीपेक्षा नेहमी मोठा येतो. हे शाळेतल्या वहीत पडताळता येते. टॉर्क ६० आणि २० असा, तर त्याच क्षणांचा वेग ९ आणि ११ असा असेल, तर क्षणाक्षणाचे गुणाकार ५४० आणि २२० होतात, ज्यांची सरासरी ३८०. पण सरासरी टॉर्क ४० गुणिले सरासरी वेग १० केले तर ४०० येतात. कोणीही एक वॅटही जास्त न लावता आकडा ५ टक्क्यांनी फुगला. यंत्र बिघडलेले नसते, त्याने गोल चेनरिंग गृहीत धरलेली असते, इतकेच.

तरीही केरिसन यांच्या ६ टक्क्यांना मी ‘सुमारे’ हा शब्द सोडून वाचणार नाही. ही वाढ चेनरिंगच्या आकारावर, ती क्रँकशी कोणत्या कोनात बसवली आहे यावर आणि त्या माणसाच्या पायांचा जोर फेरीत कोठे पडतो यावर अवलंबून असते. एकाच्या सायकलवर काढलेला गुणक दुसऱ्याच्या सायकलला लावणे चुकीचे आहे. इतक्या घटकांवर अवलंबून असलेला गुणक दोन दशांश स्थळांच्या आकड्यापर्यंत नेणे, म्हणजे ‘५.७८’ असे लिहिणे, मला तरी पटत नाही. ‘५.७ ते ५.९ च्या दरम्यान’ असे म्हटले असते तर ते अधिक प्रामाणिक ठरले असते, पण पत्रकार परिषदेत असा आकडा कोण सांगतो?

भागाकाराचा खालचा आकडा

वॅट प्रति किलो या राशीत वॅटवर जेवढी चर्चा होते, तेवढी किलोवर होत नाही. ४१४ वॅटला ६७.५ किलोने भागले तर ६.१३, ६९.९ ने भागले तर ५.९२ आणि ७१ ने भागले तर ५.८३ येतात. साडेतीन किलोंच्या फरकाने आकडा पाच टक्क्यांनी हलतो, म्हणजे लांबट चेनरिंगच्या दुरुस्तीइतकाच. यांतील मधले वजन मी उगाच घेतलेले नाही. त्याच वर्षी १७ ऑगस्टला, टूर संपल्यानंतर तीन आठवड्यांनी, लंडनमधील एका प्रयोगशाळेत फ्रूमची तपासणी झाली आणि काट्यावर वजन ६९.९ किलो भरले.

हौशी सायकलपटू साधारणपणे वजनाचा सर्वांत चांगला दिवस लक्षात ठेवतो आणि ताकदीचाही सर्वांत चांगला दिवस लक्षात ठेवतो, आणि दोन्ही दिवस वेगवेगळे असूनही त्यांचा भागाकार करतो. ज्या सकाळी चाचणी दिली त्या सकाळचे वजन त्याच ओळीत लिहून ठेवले तर हा मोह आपोआप टळतो.

पहिला ताळा: डोंगराकडून

पॉवर मीटर बाजूला ठेवून फक्त भौतिकशास्त्राच्या आधारे ताकद किती येते ते पाहू. १५.३ किलोमीटर ७.४ टक्क्यांनी म्हणजे सुमारे ११३२ मीटरची उंची. स्वार ६७.५ किलो, सायकल नियमाने किमान ६.८ किलो, कपडे-बूट-हेल्मेट आणि बाटलीतील पाणी मिळून पावणेदोन किलो धरले तर एकूण ७६ किलो. एवढे वजन एवढ्या उंचीवर २४८८ सेकंदांत न्यायला ३३९ वॅट लागतात. सरासरी वेग ताशी २२.१ किलोमीटर होता. चांगल्या रस्त्यावर टायरच्या घर्षणाला सुमारे १८ वॅट आणि हजारेक मीटर उंचीवरच्या विरळ, शांत हवेतून जायला सुमारे ४० वॅट. बेरीज ३९७ झाली. साखळीत अडीच टक्के वाया जातात असे धरले तर क्रँकपाशी ४०७ वॅट हवेत. अर्धा चढ तो सहकाऱ्यांच्या आडोशाने चढला, त्याचे पाच-सात वॅट कमी केले की ४०० च्या आसपास येऊन थांबतो.

हा आकडा यंत्राच्या ४१४ आणि दुरुस्त ३९० यांच्या मधोमध पडला. त्यामुळे कोणता बरोबर हे या ताळ्याने ठरत नाही, आणि ठरते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कारण या हिशेबातील हवेचा वाटा अगदी हळवा आहे. ताशी ७ किलोमीटर इतकी मंद झुळूक सतत समोरून असती तर ३० वॅट जास्त लागले असते. तीच पाठीमागून असती तर २२ वॅट कमी. एकूण वजनात एका किलोची चूक झाली तर पावणेपाच वॅटचा फरक पडतो. झाडे आणि वळणे असलेल्या डोंगरी रस्त्यावर वारा दर अर्ध्या किलोमीटरला दिशा बदलतो. चढाची लांबी, उंची आणि वेळ यांवरून काढलेली ताकद म्हणूनच पाच टक्के इकडेतिकडे समजूनच वाचावी.

पण ७.०४ चे काय? ६७.५ किलो वजनावर त्याचे ४७५ वॅट होतात. वजन त्याहून जास्त धरले तर आणखी वाढतात. वरच्या हिशेबातून ४७५ काढायचे तर संपूर्ण चढभर ताशी सुमारे १४ किलोमीटरचा वारा न थांबता समोरून वाहायला हवा होता. पाच टक्क्यांच्या गोंधळात ३९० आणि ४१४ दोन्ही मावतात, ४७५ मावत नाही.

दुसरा ताळा: फुप्फुसांकडून

प्रयोगशाळेतील तपासणीचे निष्कर्ष डिसेंबर २०१५ मध्ये एका इंग्रजी मासिकातून प्रसिद्ध झाले आणि पुढे २०१७ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने आले. फ्रूमची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला ५.९१ लिटर, म्हणजे किलोमागे ८४.६ मिलिलिटर भरली. शरीरात जाळलेल्या ऊर्जेपैकी पेडलपर्यंत पोहोचणारा वाटा सुमारे २३ टक्के होता. रक्तातील लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात साठत जाणारा पदार्थ) लिटरमागे ४ मिलिमोलवर पोहोचले तेव्हाची ताकद ४१९ वॅट, आणि चाचणीच्या शेवटी गाठलेली कमाल ५२५ वॅट.

एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण २०.९ किलोज्यूल ऊर्जा मिळते. यावरून कोणत्याही ताकदीला किती प्राणवायू लागेल हे काढता येते. ३९० वॅटला मिनिटाला ४.८७ लिटर, म्हणजे त्याच्या कमाल क्षमतेच्या ८२ टक्के. ४१४ वॅटला ५.१७ लिटर, म्हणजे ८७ टक्के. आणि ४७५ वॅटला ५.९३ लिटर, म्हणजे त्याच्याकडे जेवढी क्षमता होती तेवढी सगळी, वर चिमूटभर जास्तच. अशी शंभर टक्क्यांची मागणी उत्तम सराव असलेला माणूसही काही मिनिटेच पेलू शकतो. ४१ मिनिटांच्या झुंजीत असे खेळाडू साधारण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत तग धरतात. पेडलपर्यंत पोहोचणारा वाटा २३ ऐवजी २४ टक्के धरला तरी ४७५ वॅटला ९६ टक्के लागतात. येथेही उत्तर तेच आले, आणि या ताळ्यात वारा, वजन, चेनरिंग यांपैकी काहीच नव्हते. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले उत्तर जुळले की मगच मी त्याला भक्कम म्हणतो.

प्रयोगशाळेचे यंत्र आणि रस्त्यावरचे यंत्र वेगळे होते, तपासणी महिनाभर उशिरा झाली आणि चढाचा माथा सुमारे १६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे प्राणवायूची क्षमता थोडी घटलेली असणार, हे सगळे मान्य करूनही निष्कर्ष हलत नाही.

ठोक्यांविषयी दोन शब्द. सरासरी १५८ आणि कमाल १७४ हे आकडे पाहून ‘हा तर आरामात चढत होता’ असे म्हणणारे त्या काळी बरेच होते. कमाल ठोके माणसागणिक वेगळे असतात आणि दहा टप्प्यांच्या शर्यतीत थकलेले हृदय तितके वर जातही नाही. वॅट हे केलेले काम आहे, ठोके हा शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. एकाच माणसाच्या दोन दिवसांची तुलना करताना हे दोन्ही शेजारी ठेवले तर फार बोलके ठरतात. दोन माणसांची तुलना ठोक्यांवरून करणे व्यर्थ आहे.

सरावासाठी यातून काय घ्यायचे

सरावाच्या दृष्टीने फ्रूमच्या ६ टक्क्यांनी त्याचे काहीच नुकसान केले नसेल. यंत्र रोज तितकेच जास्त दाखवत असेल, त्याच यंत्रावर त्याने उंबरठा (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) मोजला असेल आणि त्यावरूनच दिवसाचे काम ठरवले असेल, तर चूक दोन्ही बाजूंना सारखी लागून आपोआप वजा होते. आकडा सुसंगत असणे आणि आकडा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरावाला पहिली पुरते. दुसरी लागते ती आपला आकडा दुसऱ्या माणसाच्या, दुसऱ्या यंत्राच्या किंवा दूरचित्रवाणीवरच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तेव्हा. २१ जुलैला नेमके हेच घडले: सुसंगत आकडा खऱ्या आकड्याच्या बाजारात नेला, आणि नेताना वाटेत दुरुस्त करावा लागला.

हौशी माणसाचे नुकसान होते ते यंत्र किंवा चेनरिंग बदलताना. समजा एखाद्याचा उंबरठा, म्हणजे सायकलपटू ज्याला एफटीपी म्हणतात ती ताकद, लांबट चेनरिंगवर २५० वॅट आली. खरी ताकद २३६ च्या आसपास आहे, पण त्याला ते ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पुढे तो गोल चेनरिंग बसवतो आणि जुन्या २५० वरच वीस-वीस मिनिटांचे दोन संच करायला बसतो. आता तो उंबरठ्यावर नसून उंबरठ्याच्या १०६ टक्क्यांवर आहे. तेथून पुढच्या क्षेत्रात तीन ते आठ मिनिटांचे संच करायचे असतात, वीस मिनिटांचे नव्हेत. पहिला संच चौदाव्या मिनिटाला मोडतो. दोन आठवडे असे गेल्यावर तो ‘माझी तयारी उतरली’ या निष्कर्षावर येतो आणि सराव आणखी वाढवतो, किंवा खचून सोडून देतो. तयारी जशीच्या तशी आहे. हाच प्रकार घरातील ट्रेनर आणि रस्त्यावरील क्रँक यांच्यात होतो, आणि मी पाहिलेल्या उन्हाळी ‘घसरणीं’पैकी निम्म्याहून अधिकांचे मूळ असेच कुठेतरी यंत्रात सापडले आहे. उपाय कंटाळवाणा आहे: काहीही बदलले की उंबरठा पुन्हा मोजावा, आणि शक्य असेल तर दोन्ही यंत्रे एकाच फेरीत सोबत चालवून त्यांच्यातील फरक लिहून ठेवावा.

कालावधीचेही असेच. ४१४ हा आकडा ४१ मिनिटांचा आहे. तो एका तासाचा नाही आणि वीस मिनिटांचाही नाही. वीस मिनिटांच्या चाचणीतून ५ टक्के वजा करून तासाभराची ताकद काढण्याचा प्रघात अनेकांना ठाऊक आहे, पण तो अंदाज आहे. स्फोटक ताकद जास्त असलेल्यांना तो फसवतो. शिवाय फ्रूमचे ४१ मिनिटे २८ सेकंद आधीच्या दीडशे किलोमीटरनंतर आणि दहाव्या टप्प्यात आले होते. ताज्या पायांनी घाटाच्या पायथ्याशी गाडीतून सायकल उतरवून केलेल्या चढाशी त्याची तुलना होत नाही, आणि उलटही होत नाही.

राहता राहिली ती २००७ ची तपासणी. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या केंद्रात तरुण फ्रूमची चाचणी झाली होती, तिचे आकडेही २०१५ मध्ये पुढे आले: वजन ७५.६ किलो, उंबरठ्याची ताकद ४२० वॅट, कमाल ५४० वॅट, प्राणवायू किलोमागे ८०.२ मिलिलिटर. आठ वर्षांनंतर उंबरठा ४१९. म्हणजे वॅट हलले नाहीत. लिटरमध्ये पाहिले तर प्राणवायूची क्षमता ६.०६ वरून ५.९१ वर, जराशी उतरलीच. बदलले ते वजन, आणि त्यामुळे वॅट प्रति किलो ५.५६ वरून ५.९९ वर गेले. या माहितीवरही वाद झाले आणि ते होणारच होते. पण सरावाच्या नोंदी वाचणाऱ्यासाठी यात एक साधी सूचना आहे: ‘वॅट प्रति किलो’ हा एकच स्तंभ ठेवणाऱ्याला त्या आठ वर्षांत ताकद वाढल्याचे दिसले असते, आणि वॅट व किलो वेगळे लिहिणाऱ्याला काय घडले ते दिसले असते. हौशी माणसाने वजन घटवून हा भागाकार सुधारण्याच्या मागे लागण्यापूर्वी दुसरा स्तंभ पाहावा. वजनासोबत वॅटही घटत असतील तर तो सराव नसून उपासमार आहे.

१४ जुलै २०१५ ची ती चढण सरावाच्या वहीत लिहायची झाली तर मी अशी लिहीन: चढ १५.३ कि.मी., ७.४ टक्के, वेळ ४१:२८, यंत्रावर ४१४ वॅट, फक्त डावा क्रँक, लांबट चेनरिंग, दुरुस्तीनंतर अंदाजे ३९०, वजन ६७.५; ठोके १५८, कमाल १७४; फेऱ्या ९७; आधी दीडशे कि.मी., अर्धा चढ आडोशाने. वारा नोंदवलेला नाही.